निळ्या पाण्याची साक्ष

वेंडेल ऑस्टबीला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडू. एक लाकडी पाटी. पाव कापायच्या फळीएवढी, वर पितळी पत्रा, पत्र्यावर 'सर्वोत्कृष्ट शाखा' अशी अक्षरं. देशभरातल्या रसायनतज्ज्ञांची जी राष्ट्रीय संस्था आहे, ती दरवर्षी आपल्या एखाद्या लहान शाखेला ही पाटी देते. कुणाला द्यायची, हे रसायन सप्ताहाला किती माणसं आली त्यावरून ठरतं. आलेल्यांना काय समजलं, हा रकाना त्या अर्जात नाही.

वेंडेल आमच्या पोर्ट लॅथम शाखेचा अध्यक्ष. आमचं गाव एरी सरोवराच्या काठावर, गावाला पोसणारा रंगाचा कारखाना, आणि त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेचा वेंडेल मुख्य. सरोवरावरच्या पुलांना गंज धरू न देणारा राखाडी रंग त्यानंच शोधलेला. पेटंटं त्याच्या नावावर, त्याच्या नावाची खोली कारखान्यात. तरी पाटी मात्र वर्षामागून वर्ष शेजारच्या मार्लो काउंटीच्या शाखेला जायची. "ते लोक सप्ताहात फुकट हॉटडॉग वाटतात," असं वेंडेल सांगायचा, आणि त्याच्या तोंडून ते 'बँका लुटतात' असं ऐकू यायचं.

आमच्या शाखेचा सप्ताह, नावाला सप्ताह पण ऑक्टोबरातल्या दर शनिवारी, भरायचा वाचनालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये. गर्दी म्हणाल तर सभासद, सभासदांच्या बायका, आणि बाहेर गार वारं सुटलंय म्हणून आत शिरलेला एखादा, जो डोनट संपला की निघून जायचा. त्या ऑक्टोबरात मात्र त्याच हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं जिन्यावर बसली होती. बेकरीवाली डॉटी दुकान नोकरांवर टाकून आली होती, चर्चच्या गायनमंडळातल्या बायका रांग धरून उभ्या होत्या, आणि निवृत्त पोलीसप्रमुख, जो कधी कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नसे, तो पहिल्या ओळीत हातात टोपी घेऊन बसला होता.

कारण व्यासपीठावर थॅड कॉर्लिस होता.

थॅड गावात त्याच उन्हाळ्यात आला. रुपेरी केस, उन्हात भाजलेला चेहरा, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस आपल्या अंगावर ब्लँकेट घालतोय. संस्थेची वर्गणी भरून तो सहयोगी सभासद झाला होता. अर्जात एवढंच विचारतात की तुम्हाला रसायनशास्त्राची आवड आहे का. थॅडला होती. वर्गणी पोचल्यावर संस्थेनं त्याला एक कोटावर लावायचा बिल्ला पाठवला, आणि सप्ताहात कोणत्याही सभासदाला आपलं टेबल मांडता येतं, या नियमानं वेंडेलनं त्याला टेबल दिलं. टेबलावर संस्थेचा निळा टेबलक्लॉथ, त्यावर मधोमध संस्थेची मुद्रा. मुद्रेच्या बरोबर वर थॅडनं आपल्या बाटल्या मांडल्या.

"मित्रहो," थॅड म्हणाला, "तुमचं शरीर म्हणजे एक तळं. आणि त्या तळ्यात तुम्ही जन्मभर काय टाकलंत? बर्गर! कोला! सासूबाईंनी केलेला मीटलोफ!"

हॉल हसला.

"अशा तळ्यात मासा जगेल?"

"नाही!"

"मग तुमच्या पेशी कशा जगतील?"

पेशी म्हणजे मासे नव्हेत, एवढं उत्तर पुरे होतं. पण हशा पिकला की उत्तर द्यायला कुणी थांबत नाही.

थॅडनं काचेच्या जगमधून एका ग्लासात पाणी ओतलं. पाणी सुंदर निळं, सरोवर सप्टेंबरात असतं तसं. त्यानं पोलीसप्रमुखाच्या हातात स्ट्रॉ दिली. "साहेब, फुंका. हळूहळू. आतलं सगळं बाहेर येऊ द्या."

पोलीसप्रमुखानं फुंकलं. पाणी बुडबुडलं, हिरवट झालं, आणि बघता बघता पिवळं पडलं.

हॉलमधून एकच आवाज आला, श्वास आत ओढल्याचा.

"हे मी केलं नाही," थॅड दुःखानं म्हणाला. "हे साहेबांच्या आतून आलं. आम्ल! आजार म्हणजे आम्ल, मित्रहो. गुडघा दुखतो? आम्ल. झोप येत नाही? आम्ल. साखर वाढली? आता ओळखा."

"आम्ल!" गायनमंडळानं सुरात सांगितलं.

मग त्यानं, आधीपासूनच त्याच्या बाटलीतले थेंब घेत असलेल्या एका शेतकऱ्याला पुढे बोलावलं. त्याच्यासाठी पाणी ओतलं ते स्टीलच्या थर्मासमधून. तेही तितकंच निळं. शेतकरी फुंकत राहिला, डोळे बाहेर यायची वेळ आली, पण पाणी निळं ते निळंच. त्याची बायको रडायला लागली. थॅडनं तिला रुमाल दिला आणि बाटली चाळीस डॉलरला आहे असं हळुवारपणे सांगितलं. एकाला काचेच्या जगमधून आणि दुसऱ्याला थर्मासमधून का, हे हॉलभर बसलेल्या माणसांपैकी कुणी विचारलं नाही. त्या हॉलमध्ये रसायनशास्त्रात पीएचडी केलेली माणसं भिंतीला लागून ओळीनं उभी होती. ती माणसं डोकी मोजत होती.

मंगळवारी शाखेची कार्यकारिणी नेहमीप्रमाणे स्टेशनजवळच्या डायनरमध्ये ॲपल-पाय खायला जमली. तिथं काय झालं ते पुढे हर्ब सॅटर्लीनं सगळ्या गावाला सांगितलं. हर्ब म्हणजे कारखान्यात रंगासाठी राळ बनवणारा जुना माणूस, शाखेचा खजिनदार आणि शाखेचं तोंड.

नदीन क्रॅबट्रीनं कोट काढायच्या आधीच सुरुवात केली. नदीन आमच्या हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवते, आणि सप्ताहात मुलांचं टेबल तिच्याकडे असतं. "वेंडेल, तो माणूस माझा प्रयोग विकतोय! सातवीचा! आपल्याच संस्थेच्या मुलांच्या पुस्तिकेत छापलाय तो, चित्रासकट!"

"हळू बोल," वेंडेल म्हणाला. "पलीकडच्या टेबलावर आपली गर्दी बसलीय."

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"नदीन, मी पेटंटं घेतलेला माणूस आहे. मला निळ्याचं पिवळं कसं होतं ते माहीत असणारच."

"मग उठून सांग की! पुढच्या शनिवारी, सगळ्यांसमोर."

वेंडेलनं ॲपल-पायचा तुकडा नीट चौकोनी कापला. "संस्थेच्या नावानं निवेदन करायचा शाखेला अधिकार नाही. त्यासाठी निवेदन समिती आहे. ती वसंतात भरते."

"आणि वसंतापर्यंत?"

"तोवर आपण एवढंच म्हणू शकतो की रंग बदलला. रंग बदलतो हे काही खोटं नाही."

"हॉल भरतो, हेही खोटं नाही," हर्ब म्हणाला. "आणि शेवटच्या शनिवारी मुख्य कचेरीतून तो पोल्क येतोय, माणसं मोजायचं यंत्र घेऊन. त्याच्यासमोर गोंधळ घालायचा म्हणजे पाटी मार्लोला गाडीनं नेऊन देण्यासारखं."

"हर्ब, लोक ते पितायत."

"ते मी बघितलंय," वेंडेल म्हणाला. "बाटली आणली, जिभेला लावली. निरुपद्रवी आहे. कुणाला काही होणार नाही."

नदीननं हात वर करून मत मागितलं. तिच्या बाजूनं एकच हात वर गेला, तो तिचाच. 'निरुपद्रवी' हा शब्द मग इतिवृत्तात लिहिला गेला, आणि सगळ्यांनी दुसरी कॉफी मागवली.

आता लुएला. लुएला म्हणजे वेंडेलची बायको. मेन स्ट्रीटवर तिचं कापडाचं दुकान होतं, आणि गावात कुणाचं लग्न मोडणार हे ती पडद्यांच्या खरेदीवरून सांगायची. अशी बाई भोंदूला भुलेल असं कुणाला वाटलं नसतं, आणि खरं तर ती थॅडला भुललीच नाही. ती भुलली टेबलक्लॉथला. तो निळा टेबलक्लॉथ दरवर्षी ती स्वतः इस्त्री करून द्यायची. एका वर्षी व्हिनेगरच्या बाटलीवर नीट लेबल नाही म्हणून शाखेच्या लोकांनी ती बाटली त्या टेबलावरून उचलायला लावली होती, हे तिनं डोळ्यांनी बघितलेलं. त्या कापडावर न तपासलेली वस्तू बसूच शकत नाही, अशी तिची खात्री. आणि ती खात्री वाईट नव्हती. कापडामागच्या माणसांनी ती खोटी पाडली.

लुएलाला मधुमेह. कित्येक वर्षं रोज इन्सुलिनची इंजेक्शनं. पहिल्याच शनिवारी तिनं ग्लासात फुंकलं तेव्हा पाणी इतक्या झटकन पिवळं झालं की लोकांनी हळहळून 'अरेरे' म्हटलं. ती बाटली घेऊन घरी गेली आणि नवऱ्याला दाखवली.

"घेऊ का रे?"

"घे," वेंडेल वर्तमानपत्राआडून म्हणाला. "काही बिघडत नाही."

वेंडेलच्या लेखी त्याचा अर्थ, हे पाण्याइतकंच निरुपद्रवी आहे. लुएलानं ऐकला तो अर्थ, संस्थेच्या अध्यक्षानं पास केलं.

थॅड हुशार होता. "डॉक्टरांचं औषध सोडा, असं मी कधीच म्हणणार नाही," हे तो प्रत्येक भाषणात छातीवर हात ठेवून सांगायचा. "इंजेक्शन फक्त आम्लाला कुंपण घालतं, थेंब त्याला हाकलून लावतात. कुंपण कधी काढायचं, ते तुमचं शरीर सांगेल. ग्लास सांगेल!" ग्लासानं सांगितलं. दुसऱ्या शनिवारी लुएलाचं पाणी निळं राहिलं. तिनं इंजेक्शनं आधी कमी केली आणि मग बंद केली. न्हाणीघराचं दार लावून घ्यायची सवय तिला पहिल्यापासून होती, आणि आत काय होतं ते विचारायची सवय वेंडेलला नव्हती.

शेवटचा शनिवार. दुपारचं ऊन हॉलच्या वरच्या खिडक्यांतून आत आलेलं. मुख्य कचेरीचे मिस्टर पोल्क दारात उभे, अंगठ्याखाली मोजायचं यंत्र, प्रत्येक माणसामागे एक टिकटिक. वेंडेल त्यांच्याशेजारी, नवीन टाय लावून.

लुएला आली ती हातात पाण्याची मोठी बाटली घेऊन. येता येताच ती अर्धी रिकामी झाली होती. चेहरा तांबूस, पाऊल जड, पण जीभ नेहमीसारखी. "हर्ब, तुमच्या कारखान्यानं माझं घर नासवलंय. याचा कोट मी गॅरेजमध्ये टांगला, बुटं अंगणात टाकली, तरी घरातला थिनरचा वास जाईना."

हर्बनं हुंगल्यासारखं केलं. "मला तर काही येत नाही."

"तुला कसा येईल? तुझं नाक कधीच पेन्शनीत गेलंय."

सगळे हसले. रंगाच्या कारखान्यातली पाच-सहा माणसं आपापली बाही हुंगून बघत हसली.

थॅड त्या दिवशी फॉर्मात होता. थोडा वेळ मासे आणि मीटलोफ झाल्यावर त्यानं दोन्ही हात पसरले. "आणि आता, मित्रहो, आपल्या अध्यक्षांच्याच घरातून साक्ष. या, लुएलाबाई!"

टाळ्या. थॅडनं थर्मासमधून ग्लास भरला. लुएला फुंकत राहिली, आणि पाणी निळं राहिलं. टाळ्या वाढल्या. मिस्टर पोल्कनी यंत्र काखेत धरून टाळ्या वाजवल्या, आणि वेंडेलनंही वाजवल्या.

लुएला खाली उतरायला वळली आणि टेबलाची कड धरून थांबली. तिचा श्वास लागला होता. धावल्यासारखा वरवरचा नव्हे, तळापासून ओढून घेतलेला, एकामागून एक. शेजारीच मुलांचं टेबल. नदीननं कोबीचं जांभळं पाणी आणि व्हिनेगर बाजूला सारून खुर्ची पुढे केली आणि लुएलाला दंडाला धरून बसवलं. आणि तशीच वाकलेली राहिली.

"थिनर कुणी उघडलंय?"

"आमच्याच अंगाचा वास असेल गं पोरी," भिंतीजवळून हर्ब म्हणाला.

"तुम्ही तिकडं आहात. वास इथं आहे. लुएला, माझ्याकडं बघून श्वास सोड बरं."

लुएलानं सोडला. नदीनचा चेहरा उतरला.

"ॲसिटोन," ती म्हणाली. "थिनरमध्ये असतं तेच. पण वास कपड्यांचा नाही. हिच्या श्वासाला येतोय."

भिंतीला लागून उभे असलेले ते सगळे तज्ज्ञ ॲसिटोनच्या पिंपात निम्मा जन्म काढलेले. तो वास त्यांना कधीच येईनासा झाला होता, आणि आला असता तरी त्यांनी तो आपल्याच बाहीला चिकटवला असता. दुसऱ्या कुठल्याही घरात कुणीतरी 'हा वास कसला' म्हणून घाबरलं असतं, या घरात कोट गॅरेजमध्ये टांगला गेला. शाळेत मात्र थिनरला पैसे नसतात. नदीन प्रयोगाच्या रंगीत पाण्यासाठी वर्षभर कोबी उकळते, म्हणून तिचं नाक शाबूत.

"इन्सुलिन शेवटचं कधी घेतलंस?"

लुएलानं एकदा नवऱ्याकडं पाहिलं. "गेल्या आठवड्यात. आता लागत नाही मला. ग्लास बघितलास ना?"

"ॲम्ब्युलन्स बोलवा कुणीतरी!" नदीन ओरडली, आणि डॉटी बेकरीवाली फोनकडं धावली.

"घाबरू नका, मित्रहो!" थॅडनं आवाजाचं ब्लँकेट पसरलं. "ही शुद्धी चाललीय. शरीर विष बाहेर फेकतंय, म्हणून श्वास जोरात. उद्या या बाई नाचतील!"

"मला कुठंही जायचं नाही," लुएला म्हणाली. "पाणी पिवळं झालं असतं तर गेले असते. निळं आहे."

"लुएला, ऐक. जिवंत माणसानं त्याच्या काचेच्या जगमधल्या पाण्यात फुंकलं की ते पिवळं होतंच. निळं ठेवणारा माणूस हवा असेल तर दफनभूमीत शोधावा लागेल. त्याच्या थर्मासमध्ये—"

"नदीन, तू कोबी उकळतेस गं." लुएलाला बोलायला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "माझा नवरा पुलांना रंग देतो. अध्यक्ष आहे तो यांचा. वेंडेल, तू सांग. ग्लास खरं बोलतो की नाही?"

हॉल वळला. पोल्कची टिकटिक थांबली. वेंडेलच्या समोर एका बाजूला मिस्टर पोल्क, दुसऱ्या बाजूला अख्खं गाव, आणि मधे खुर्चीत लुएला. त्याला ती पाटी दिसत असेलही. पण मघापासून त्याच्या डोक्यात बहुधा कोटच असावा, गॅरेजमधल्या खिळ्यावर टांगलेला, विनाकारण.

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"खरं बोलत नाही. ग्लास खोटा आहे."

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

लुएलानं टेबलाकडं बोट केलं. मग म्हणाली, "बोलू नकोस. दाखव."

वेंडेल टेबलाशी गेला. "सभासदाच्या कार्यक्रमात व्यत्यय आणणं," थॅड घाईघाईनं म्हणाला, "संस्थेच्या नियमांत—"

"बस खाली, सभासद," हर्ब म्हणाला. हे मात्र त्यानं पहिल्यांदाच वेळेवर म्हटलं.

वेंडेलनं काचेच्या जगमधून ग्लास भरून थॅडसमोर धरला. "फुंक."

"मला गरज नाही. माझं शरीर गेली कित्येक वर्षं—"

"अहो शुद्ध पुरुष, फुंका की!" डॉटी फोनवरून परत आली होती. "पोटात बर्गर नाहीत ना तुमच्या? मग घाबरता कशाला?"

हॉल हसला, आणि त्या हसण्याचा सूर बदललेला होता. थॅडनं स्ट्रॉ तोंडात धरून नुसता बुडबुड्यांचा देखावा केला. "नीट!" पोलीसप्रमुख गरजला. थॅडनं नीट फुंकलं. पाणी हिरवट झालं आणि मग गवतासारखं पिवळं.

"आता हा." वेंडेलनं थर्मासमधून दुसरा ग्लास भरला. थॅड फुंकत राहिला, पण हा निळाच राहिला. "बघा. दोन मिनिटांपूर्वी आजारी होता, आता ठणठणीत. औषधाचा थेंबही न घेता." मग त्यानं निळ्या ग्लासातलं निम्मं पाणी पिवळ्या ग्लासात ओतलं. पिवळं पाणी सगळ्यांच्या देखत पुन्हा निळं झालं.

"काचेच्या जगमध्ये साधं पाणी आहे आणि दर्शक," वेंडेल म्हणाला. तो हॉलशी बोलत नव्हता, खुर्चीशी बोलत होता. "दर्शक म्हणजे आम्ल लागलं की रंग बदलणारं द्रव्य. आपण सगळेच श्वासातून कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो पाण्यात मिसळला की सौम्य आम्ल होतं. बाळानं फुंकलं तरी पिवळं, पहिलवानानं फुंकलं तरी पिवळं. थर्मासमध्ये याच पाण्यात खायचा सोडा घातलाय, मूठभर. तुझी फुंकर संपेल, सोडा संपणार नाही, म्हणून निळं. बाटलीतही तोच सोडा. केकमध्ये घालतेस तो."

"आणि माझं आम्ल?"

"ते आत्ता खरोखरच वाढतंय." वेंडेल तिच्या खुर्चीशी वाकला. "इन्सुलिन नाही, त्यामुळं साखर पेशींत शिरत नाही. शरीर चरबी जाळायला लागलंय, त्यातून रक्तात आम्ल साठतंय. तो वास त्याचाच. याच्या ग्लासाला रक्तातलं काही दिसत नाही, लुएला. कधीच दिसत नव्हतं."

लुएला उठली. नदीननं सावरलं. रस्त्यावर सायरन ऐकू आला. वेंडेल दुसरा हात धरायला पुढे झाला, तेव्हा ती म्हणाली, "नदीन येईल माझ्याबरोबर. तू नको." आणि त्याच्या अंगावरून जिन्याकडं गेली.

सगळं गाव पुढच्या दारी ॲम्ब्युलन्सला वाट करून देत असताना थॅड मागच्या दारानं गेला. थर्मास आणि पैशांची पेटी घेऊन गेला, टेबलक्लॉथ तेवढा ठेवला. त्याला शोधायला पोलीसप्रमुखाचे जुने शिपाई राज्याच्या सीमेपर्यंत गेले. पलीकडच्या राज्यात तो आता सांधेदुखीवर तांब्याची कडी विकतो, असं ऐकतो. सभासदत्वावरून त्याला काढायचं तर चौकशी समिती नेमावी लागते. समिती नेमेपर्यंत त्याची वर्गणीच संपली, त्यामुळं संस्थेच्या दफ्तरी त्याच्याविरुद्ध काही नाही. मिस्टर पोल्कनी आपला अहवाल वेळेत दिला, आणि उपस्थितीच्या रकान्यात आमच्या शाखेएवढा आकडा देशात कुणाचाच नव्हता. मार्चमध्ये पाटी आली. वेंडेलनं ती पाकीट न फोडता परत पाठवली आणि अध्यक्षपद सोडलं. आता शाखेची अध्यक्ष नदीन आहे. सप्ताहाला पुन्हा मोजकी माणसं येतात. मात्र आलेल्या प्रत्येकाला ती दोन ग्लास देते, थॅडसारखेच, आणि कोणता ग्लास खोटा ते शोधून काढल्याशिवाय डोनट देत नाही.

गावात काही कपाटांत थेंबांच्या बाटल्या अजून आहेत. पैसे दिलेली वस्तू फेकवत नाही माणसाला. त्यांना आणि तुम्हाला सांगायचं ते साधं आहे. कुणी दोन ग्लास दाखवून चमत्कार करू लागला, तर ग्लासांची अदलाबदल करायला सांगा. तो चिडला, तर तुम्हाला उत्तर मिळालं. कापडावरची मुद्रा, कोटावरचा बिल्ला, नावामागची पदवी बघून मान डोलावू नका. त्या माणसाला विचारा, तू स्वतः तपासलंस का, आणि त्यात काय सापडलं. 'काही बिघडत नाही' हे उत्तर घेऊ नका. आणि ज्यांना कळतं त्यांनी समितीची वाट बघू नये. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, मोठ्यानं बोलावं. भोंदूला लोकांचं अज्ञान लागतं खरं, पण त्याहून जास्त लागतं ते जाणकारांचं गप्प बसणं. ते त्याला आमच्या गावात फुकट मिळालं.

आता कुणी काय भरलं ते बघू. थॅडनं एका वर्षाची वर्गणी भरली. राष्ट्रीय संस्थेनं एक पाटी आणि तिचं टपाल भरलं, परतीचं टपाल वेंडेलनं. हर्बनं आणि कार्यकारिणीनं काहीच भरलं नाही. लुएला वाचली, पण तिची आधीच थकलेली मूत्रपिंडं त्या आठवड्यानंतर पुन्हा उभी राहिली नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार ती डायलिसिसच्या खुर्चीत बसते. वेंडेल गाडीनं तिला सोडतो आणि बाहेर थांबतो. बाकीचं सगळं ती भरतेय.